माणसाळलेल्या पक्ष्यांचे जवळून फोटो: सुरुवात कशी करावी

रानातल्या बुजऱ्या पक्ष्यामागे हिंडणाऱ्याचा जीव लेन्सच्या लांबीत अडकलेला असतो. बागेत रोज दाण्यापाण्याला येणारी, माणूस चार पावलांवर आला तरी न उडणारी चिमणी, बुलबुल किंवा दयाळ यांच्याबाबत तो प्रश्न मिटलेला असतो. त्याच्या जागी नवे प्रश्न येतात. पक्षी इतका जवळ येतो की लेन्सला फोकसच मिळत नाही. फोकस मिळाला तर डोळा लख्ख आणि चोच धूसर. दोन्ही जमलं तर पक्ष्याच्या डोक्यामागून बादलीची कडी डोकावते.

यातल्या बहुतेक गोष्टींचा बंदोबस्त पक्षी येण्याआधीच करता येतो. फ्रेम आधी ठरवायची आणि पक्ष्याला तिच्यात यायला कारण द्यायचं. कॅमेरा घेऊन पक्ष्यामागे फिरलात तर धीटातला धीट पक्षीसुद्धा पाठच दाखवेल.

आधी टेप घ्या, मग कॅमेरा

प्रत्येक लेन्सला किमान फोकस अंतर असतं. त्याच्या अलीकडची वस्तू ती स्पष्ट दाखवूच शकत नाही. हा आकडा लेन्सवर किंवा तिच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. तो लेन्सच्या काचेपासून नव्हे, तर कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरपासून (चित्र टिपणाऱ्या चकतीपासून) मोजतात. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या वरच्या बाजूला वर्तुळातून गेलेली एक रेघ कोरलेली असते, ती सेन्सरची जागा. लांब लेन्स पंचवीस-तीस सेंटीमीटर पुढे आलेली असते, त्यामुळे काचेपासून मोजलं तर हिशेब तेवढ्याने चुकतो.

आता पक्षी फ्रेममध्ये केवढा दिसेल ते पाहू. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत सुमारे १५ सेंमी भरणारी चिमणी धरा. एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तिने फ्रेमची दोन तृतीयांश रुंदी व्यापायची असेल, तर लेन्सपासूनचं अंतर फोकल लेंग्थच्या (लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याच्या) साधारण साडेदहापट लागतं. म्हणजे १०० मिमीला एक मीटरच्या थोडं पुढे, २०० मिमीला दोन मीटर, ३०० मिमीला तीन मीटरहून थोडं जास्त आणि ४०० मिमीला सव्वाचार मीटर. मोठ्या सेन्सरच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात हेच प्रमाण सव्वासात पटीवर येतं, म्हणजे ३०० मिमीने २.२ मीटरवर बसावं लागेल. पक्षी साळुंकीएवढा, २३ सेंमीचा असेल तर ही सगळी अंतरं दीडपट करा.

यात एक मेख आहे. अनेक झूम लेन्सच्या आतली भिंगं जवळच्या फोकसला अशी सरकतात की लेन्सवर ३०० लिहिलेलं असूनही ती प्रत्यक्षात त्याहून कमी फोकल लेंग्थसारखी वागते. म्हणून गणितावर न विसंबता, ठरलेल्या जागी पक्ष्याएवढी एखादी वस्तू ठेवून फोटो काढून पाहा. बुटाचा ब्रश किंवा लिंबू चालेल. ब्रश अधिक उपयोगी, कारण त्याचे केस पिसांसारखे बारीक असतात आणि फोकस नेमका कुठे पडला ते लगेच कळतं.

लेन्स जवळ फोकस घेत नसेल तर दोन उपाय आहेत. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी. ३०० मिमी लेन्सला १२ मिमीची ट्यूब लावली की लेन्स अधिक जवळ फोकस घेते. मात्र आठेक मीटरपलीकडचं काही स्पष्ट दिसत नाही, आणि ठरलेल्या फांदीवर फोटो काढताना त्याने काही बिघडत नाही. फक्त ट्यूब विजेच्या जोडण्यांची असावी, नाहीतर ऑटोफोकस आणि अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं लेन्समधलं छिद्र) दोन्ही बंद पडतात. दुसरा उपाय १.४ पट टेलिकन्व्हर्टर, म्हणजे तिथेच बसवायचं चित्र मोठं करणारं भिंग. त्याने किमान अंतर तेच राहतं, पण त्या अंतरावर पक्षी १.४ पट मोठा दिसतो. बदल्यात एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश जातो. लेन्सच्या किमान अंतराच्या आत पक्षी येत असेल तर ट्यूब; पक्षी तिथवर येऊन थांबत असेल आणि लहान दिसत असेल तर कन्व्हर्टर.

काही लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारी छोटी सरकती कळ असते. ती '३ मीटर ते अनंत' वर राहिली तर दोन मीटरवरच्या पक्ष्यावर लेन्स नुसती पुढेमागे घुरघुरत राहते. नवे लोक याला कॅमेऱ्याचा बिघाड समजतात.

पक्षी जवळ येतो म्हणून छोटी लेन्स घेऊन त्याच्या तोंडाशी जाण्याचा मोह होतो. फार जवळून पाहिलं की पुढचा भाग नको तितका मोठा दिसतो आणि चिमणीला पोपटाची चोच येते. शिवाय छोट्या लेन्समध्ये मागचा पसारा अधिक शिरतो. साध्या फोटोसाठी दोन ते साडेतीन मीटर अंतर आणि २०० ते ४०० मिमी लेन्स ही जोडी पुरेशी आहे.

किती खोली स्पष्ट येईल

फोकस जिथे पडतो त्याच्या पुढेमागे थोडीच जागा स्पष्ट येते. छिद्र बारीक केलं की ती वाढते; 'एफ/' पुढचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक. चिमणी वर सांगितल्याइतकी मोठी दिसत असेल तर एपीएस-सी सेन्सरवर एफ/४ ला ही खोली जेमतेम दीड सेंमी भरते, एफ/५.६ ला सव्वादोन, एफ/८ ला सुमारे तीन आणि एफ/११ ला साडेचार सेंमी. चिमणीच्या डोळ्यापासून चोचीच्या टोकापर्यंत साधारण दोन सेंमी अंतर असतं. पक्ष्याने तोंड तुमच्याकडे केलं की ही सगळी लांबी खोलीत जाते. फोकस डोळ्यावर ठेवला की एफ/४ ला चोच गेलीच समजा. पक्षी आडवा बसलेला असेल तर एफ/५.६ चालून जातं, कारण डोळा, चोच आणि शेपटी एकाच पातळीत असतात.

नुसत्या डोक्याचा फोटो आणखी अवघड. ३०० मिमीने सुमारे १.३ मीटरवरून डोकं अर्ध्याहून अधिक फ्रेम भरेल असं घेतलं, तर एफ/८ ला पाच मिलिमीटरसुद्धा स्पष्ट येत नाहीत. एफ/१६ ला नऊ मिलिमीटर मिळतात, पण इतकं बारीक छिद्र केलं की प्रकाशाच्या विवर्तनाने (छिद्राच्या कडेवरून पसरण्याने) एकूणच चित्र किंचित मऊ पडू लागतं. पहिले काही आठवडे डोक्याच्या फोटोंच्या वाटेला जाऊ नका. पूर्ण पक्षी, आडवा, एफ/८ हे आधी हातात बसू द्या.

जागा

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. कॅमेरा साधा असला तरी जागा नेटकी असेल तर फोटो चांगला येतो. उलटं सहसा होत नाही.

दाणे जिथे ठेवता तिथे फोटो काढायचा नसतो. थाळीवरच्या पक्ष्याचं डोकं खाली असतं आणि चोचीला टरफलं चिकटलेली असतात. थाळीवर उतरण्याआधी पक्षी जवळच्या एखाद्या फांदीवर थांबतो, इकडेतिकडे पाहतो, मग उतरतो. आपल्याला हवी आहे ती ही थांबण्याची जागा. थाळीपासून तीस ते साठ सेंमीवर एक फांदी रोवा किंवा बांधा. आसपास बसायला दुसरं काही ठेवू नका. कपडे वाळत घालायची दोरी, खुर्चीची पाठ, कुंडीची कड अशी जागा मोकळी राहिली की पक्षी हटकून तिथेच बसतो.

चिमणीएवढ्या पक्ष्याला एक ते दोन सेंमी जाडीची फांदी बरी. सालीला पोत असावा. गुळगुळीत काठी फोटोत कृत्रिम दिसते आणि पायांनाही नीट पकड मिळत नाही. फांदी तुमच्यासमोर आडवी, फार तर किंचित तिरकी ठेवा. तुमच्या दिशेने आलेली फांदी पुढेमागे धूसर होते. फांदीवर पक्ष्याला जागा एकच ठेवा, बाकीचा भाग पानांनी किंवा छोट्या काटक्यांनी अडवा. मग पक्षी कुठे बसणार हे वीतभर अंतरात ठरून जातं.

उंची तुमच्या डोळ्यांवरून ठरवा. बुटक्या स्टुलावर बसल्यावर लेन्स जमिनीपासून जितकी उंच येते तितकीच फांदी उंच हवी, साधारण एक मीटर. उभ्याने खाली पाहून काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि जमीनच जास्त येते. जमिनीवर चरणारे होले, साळुंक्या यांच्यासाठी सरळ पालथं पडा आणि लेन्सखाली धान्य भरलेली कापडी पिशवी ठेवा. दीड-दोन किलोची पिशवी अर्धीच भरली की लेन्स तिच्यात नीट रुतते.

पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर ती दूर हवी. ३०० मिमी, एफ/८ आणि तीन मीटरवर पक्षी असताना पक्ष्यामागे एक मीटरवर असलेलं झुडूप ओळखू येण्याइतकं स्पष्ट राहतं. तेच पाच मीटरवर गेलं की अडीचपट अधिक विरघळतं आणि नुसता हिरवा रंग उरतो. छिद्र मोठं करून हे साधायला गेलात तर चोच हातची जाते. म्हणून फांदी भिंतीपासून, कुंपणापासून बागेच्या मध्याकडे ओढा. बाग लहान असेल तर मागे गडद कापड टांगण्यापेक्षा तिरक्या रेषेत बसून बागेचा सर्वांत लांब कोपरा मागे येईल असं पाहा. मागच्या पानांवर उन्हाचे कवडसे पडत असतील तर फोटोत गोल पांढरे ठिपके उमटतात. सकाळी सातला नसलेले कवडसे नऊला असतात, म्हणून फोटो काढायच्या वेळेलाच तपासा.

ऊन तुमच्या पाठीकडून किंवा जरा बाजूने यावं. पक्ष्याच्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका दिसला तरच डोळा जिवंत वाटतो. सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम, तेव्हा पक्षी भुकेलेलेही असतात. ढगाळ दिवस अंगणासाठी तितकाच चांगला. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात पोट काळवंडतं. फांदीच्या खाली अर्ध्या मीटरवर पांढरं थर्माकोल आडवं ठेवलं तर पोटाकडच्या सावल्या उजळतात, पण ते एकदम ठेवू नका. आधी चार दिवस लांब ठेवून रोज थोडं सरकवा.

वाऱ्याकडेही लक्ष द्या. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरतो आणि तसाच बसतो, कारण मागून वारा शिरला की पिसं उलटतात. वारा तुमच्या पाठीकडून असेल तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून बसेल, समोरून असेल तर पाठ दिसेल. एखाद्या सकाळी सगळेच पक्षी पाठमोरे का, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

पाणी दाण्यापेक्षाही कामाचं. दाणे न खाणारे कीटकभक्षी आणि फुलांवरचे पक्षीही पाण्यावर येतात, तेही भर दुपारी. भांडं पसरट, खरखरीत तळाचं, पाणी दोन ते पाच सेंमी. खोल भांड्यात लहान पक्षी उतरत नाही. मध्ये एक चपटा दगड ठेवा. कडेपेक्षा दगडावर बसलेला पक्षी फोटोत बरा दिसतो.

खाऊ घालण्याची जबाबदारी

फोटोसाठी पक्षी गोळा केले की त्यांच्या आजारपणाची जोखीमही आपण वाढवतो. एकाच थाळीवर रोज पन्नास चोची पडतात आणि विष्ठेतून, लाळेतून साल्मोनेला किंवा ट्रायकोमोनास यांसारखे रोगजंतू पसरतात. थाळी आणि पाण्याचं भांडं आठवड्यातून एकदा घासून, एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवा, भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत ठेवा. पाणी रोज बदला. दाणे तास-दीड तासात संपतील एवढेच टाका, उरलेले संध्याकाळपूर्वी उचला, नाहीतर रात्री उंदीर येतात. कच्चं धान्य, सूर्यफुलाच्या बिया, फळांच्या फोडी चालतात. पाव, बिस्किटं, तळलेलं आणि खारवलेलं काहीही नको. पिसं फुगवून सुस्त बसलेला किंवा डोळे सुजलेला पक्षी दिसला तर किमान दोन आठवडे खाऊ पूर्ण बंद ठेवा, म्हणजे आजारी पक्ष्यांभोवती गर्दी होणार नाही. हाताळणीनंतर हात साबणाने धुवा.

मांजर दबा धरू शकेल अशा झुडपापासून थाळी दोन-तीन मीटर दूर असावी. तरी पक्ष्याला झेपावून लपायला एखादं उंच झाड टप्प्यात हवं.

तळहातावर दाणे खायला लावून फोटो काढायची हौस टाळलेली बरी. माणसाला अजिबात न भिणारा पक्षी पुढे नको त्या माणसाच्याही हातावर बसतो. घरटं, अंड्यांवर बसलेली मादी आणि नुकतीच जमिनीवर उतरलेली पिल्लं यांच्यापाशी कॅमेरा न्यायचाच नाही. पक्ष्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून त्यांना बोलावणंही नको. विणीच्या दिवसांत तो आवाज त्यांना हद्दीत घुसलेल्या प्रतिस्पर्ध्याचा वाटतो आणि ते खाणं सोडून त्याला शोधत बसतात.

सवय लावणं

धीट पक्षीसुद्धा तुमच्या ओळखीच्या हालचालींनाच धीट असतो. रोज पाणी घालणाऱ्या माणसाला न भिणारा बुलबुल तोच माणूस तिपाई घेऊन आला की उडतो. म्हणून कॅमेऱ्याची सवय वेगळी लावावी लागते.

पहिले तीन-चार दिवस रोज एकाच वेळी दाणे ठेवा आणि सहा-सात मीटरवर तिपाई उभी करून निघून जा. तिच्यावर काळ्या कागदाने मढवलेलं खोकं बांधा आणि पुढे बरणीचं झाकण चिकटवा, म्हणजे लेन्सच्या काचेसारखा गोल दिसेल. पक्ष्याला मोठा गोल डोळा रोखलेला वाटतो, त्याची भीती इथेच जाते. नंतर तुम्ही तिपाईमागे बसू लागा, आणि रोज अर्धा मीटर पुढे सरका. तुम्ही बसल्यावर दहा मिनिटांत पक्षी परतले तर अंतर ठीक. त्याहून जास्त वेळ लागला तर मागच्या दिवसाच्या जागी जा. घाई केली की चार दिवसांची मेहनत एका सकाळी वाया जाते.

बसताना पाठीमागे झाडी किंवा भिंत असू द्या. मोकळ्या आकाशावर उमटलेली माणसाची आकृती पक्ष्याला लगेच खटकते. सरळ चालत जाऊ नका, तिरकं जा, मध्ये थांबा, दुसरीकडे पाहा. रोखलेली नजर आणि सरळ चाल, दोन्ही शिकाऱ्याच्या खुणा. कपडे रोज एकाच रंगाचे असले तर सवय लवकर लागते. पक्षी फांदीवर आल्यानंतर लेन्स उचलायची नाही. ती आधीच फांदीवर रोखलेली हवी.

पक्षी अस्वस्थ झाल्याची चिन्हं वाचायला शिका. मान उंच ताणली, पिसं अंगाला घट्ट चिकटवली, शेपटी झटकू लागला, खाता खाता थांबला, इशाऱ्याची एकसुरी हाक सुरू झाली की तो उडण्याच्या बेतात आहे. अशा वेळी फोटो काढत राहू नका, हात खाली घ्या, स्तब्ध राहा. उलट पिसं सैल, एका पायावर उभा, चोचीने पिसं विंचरतोय म्हणजे तुम्ही त्याच्या लेखी झाडच आहात. चांगले फोटो या अवस्थेत मिळतात.

शटरचा आवाज कमी करायला इलेक्ट्रॉनिक शटर चांगला, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत तो चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. बसलेल्या पक्ष्याला त्याने काही होत नाही, फडफडणारे पंख मात्र वाकडे उमटतात.

सेटिंग

मॅन्युअल मोड, एफ/८, शटर १/८०० सेकंद, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती दाद देतो तो आकडा) ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ३२००. एवढ्यावर सुरुवात करा. बसलेला पक्षी शांत दिसला तरी डोकं सतत झटके देत वळतं, १/२५० ला ते धूसर होतं. प्रकाश कमी असेल तर १/५०० पर्यंत खाली या. त्याहून खाली जायचं तर एका दमात दहा-दहा फोटो घ्या, एखादा स्थिर निघतो. आंघोळ करणारा पक्षी आणि उडणारे थेंब गोठवायला १/२०००, झेप घेताना १/३२००.

आयएसओ वाढला म्हणून घाबरू नका. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

काळा पक्षी फ्रेममध्ये मोठा असला की कॅमेरा सगळं दृश्य काळोखं समजून चित्र नको तितकं उजळवतो आणि काळ्याचा राखाडी होतो. तिथे एक्स्पोजर (चित्राचा एकूण उजेड) पाऊण स्टॉप कमी करा. पांढऱ्या पक्ष्याला उलट, थोडं वाढवा. पण दयाळाच्या नरासारखा काळा-पांढरा पक्षी उन्हात असेल तर पांढऱ्या भागाची काळजी आधी, कारण तिथला तपशील एकदा गेला की परत आणता येत नाही. कॅमेऱ्यातली फाजील उजेड लुकलुकवून दाखवणारी सूचना चालू ठेवा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेलं मूळ चित्र) घ्या, काळ्यातली पिसं नंतर वर काढता येतात.

फोकस सतत चालू राहणाऱ्या प्रकारावर ठेवा. कॅमेरा पक्ष्याचा डोळा ओळखत असेल तर ते चालू करा. नसेल तर सर्वांत लहान एकच बिंदू निवडून डोळ्यावर ठेवा. सगळे बिंदू चालू असले की कॅमेरा जवळची वस्तू पकडतो, आणि ती असते छाती किंवा पुढची काडी.

फ्लॅश लागतोच असं नाही. वापरलात तर नुसत्या सावल्या उचलण्यापुरता, दीड-दोन स्टॉप कमी करून. आणि लक्षात ठेवा, साध्या फ्लॅशला शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर जात नाही. त्यापुढे हाय-स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरशी जुळवून घेण्याची सोय असलेला फ्लॅश लागतो.

नेमका क्षण

पक्ष्यांना तिसरी पापणी असते, दुधी रंगाची, डोळ्यावर आडवी सरकणारी. ती सरकत असताना काढलेल्या फोटोत डोळा मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही. म्हणून एकेक न काढता तीन ते पाच फोटोंचा झटका मारा.

होले, कबुतरं चालताना डोकं पुढे झटकतात, मग शरीर पुढे येईपर्यंत डोकं हवेत स्थिर ठेवतात. त्या स्थिर टप्प्यात शटर दाबला तर मंद प्रकाशातही डोळा स्पष्ट येतो. पाच मिनिटं नुसतं पाहिलं तरी ताल कळतो.

झेपेचा फोटो पाहून काढता येत नाही. दिसल्यावर बोट दाबेपर्यंत सुमारे पाव सेकंद जातो आणि तेवढ्यात पक्षी फ्रेमबाहेर गेलेला असतो. पक्षी दबतो, पाय वाकवतो, जायच्या दिशेला पाहतो; तेव्हाच झटका सुरू करा. काही कॅमेऱ्यांत बटण पूर्ण दाबण्याआधीचे फोटो साठवायची सोय असते, ती यासाठीच. फ्रेम थोडी सैल घ्या, पंख उघडले की पक्षी दुप्पट जागा मागतो.

कॅमेरा फांदीपाशी, तुम्ही लांब

आजूबाजूच्या बागेसकट पक्षी दाखवायचा असेल तर वाइड लेन्स हवी. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स पक्ष्यापासून तीस सेंमीवर ठेवली तर सुमारे २७ सेंमी रुंदीची चौकट दिसते, म्हणजे चिमणी निम्म्याहून थोडी अधिक. एफ/८ ला साडेचार सेंमी खोली मिळते. इतक्या जवळ माणूस बसू शकत नाही, म्हणून कॅमेरा छोट्या तिपाईवर ठेवून रिमोटने किंवा फोनवरच्या अ‍ॅपने चालवा. त्या जागी आधी आठवडाभर ते नकली खोकं राहू द्या. फोकस हाताने, फांदीवर ठेवलेल्या ब्रशवर, आणि मग रिंग चिकटपट्टीने घट्ट करा. लेन्सवर विष्ठा पडतेच, पुढे साधा काचेचा फिल्टर लावा. पडद्यावर सतत चित्र दाखवणाऱ्या लाइव्ह व्ह्यूमुळे बॅटरी भराभर संपते, जोडीला एक भरलेली ठेवा.

हेच फोनने सहज जमतं. फोन फांदीपासून तीस-चाळीस सेंमीवर उभा करायचा आणि ब्लूटूथ बटणाने फोटो काढायचा. एक सावधगिरी: वस्तू फार जवळ असली की फोन दूरचं मोठं दाखवणारा टेलिफोटो कॅमेरा गुपचूप बंद करून मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करून दाखवतो. खात्रीसाठी टेलिफोटोच्या काचेवर बोट ठेवून पाहा. पडद्यावर अंधार झाला नाही, तर फोन दुसऱ्याच कॅमेऱ्याने पाहतोय. मग फोन थोडा मागे घ्या. पोर्ट्रेट मोड नको, तो पायांच्या बारीक नख्या आणि चोचीभोवतीचे केस पार्श्वभूमीबरोबर पुसून टाकतो.

खिडकीतून

काच बाहेरून-आतून पुसा, खोलीतले दिवे बंद करा, लेन्सचं हूड (पुढचं नळीसारखं आवरण) काचेला टेकवा आणि लेन्स काचेला काटकोनात ठेवा. तिरकं धरलं की चित्र मऊ होतं. थाळी काचेपासून एक मीटरच्या आत किंवा दहा मीटरपलीकडे ठेवा. आत असली तर घाबरून उडालेला पक्षी वेग घेण्याआधीच काचेला पोचतो आणि जोराने आपटत नाही. मधलं अंतर सर्वांत घातक.

फोटो पाहताना

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पूर्ण फोटो नेहमी चांगलाच दिसतो. शंभर टक्के मोठा करून डोळा पाहा.

डोळा धूसर पण फांदी स्पष्ट: फोकस बिंदू मोठा होता किंवा खाली घसरला. काहीच स्पष्ट नाही आणि सगळ्या कडा एकाच दिशेला दुहेरी: कॅमेरा हलला, शटर वाढवा. शरीर स्पष्ट आणि फक्त डोकं धूसर: पक्षी हलला, तेव्हाही शटरच. सगळं किंचित मऊ, कुठेच नेमकं नाही: पक्षी किमान अंतराच्या आत होता, किंवा तापलेल्या फरशीवरून हवा थरथरत होती. दुसऱ्या कारणावर कुठलंच सेटिंग चालत नाही, सकाळी लवकर बसावं लागतं. सलग सगळ्या फोटोंत फोकस डोळ्याच्या मागे पडत असेल तर तिपाईवर ठेवून ब्रशवर दहा फोटो काढा. तिथेही मागेच पडला तर काही डीएसएलआरमध्ये (आतल्या आरशाच्या कॅमेऱ्यांत) फोकसची बारीक दुरुस्ती करायची सोय असते, ती वापरा. ब्रशवर ठीक आणि पक्ष्यावर चुकत असेल तर फोकस घेतल्यानंतर तुम्हीच पुढेमागे झुलता आहात. एफ/८ च्या तीन सेंमी खोलीत बसल्याजागी झुकण्याला वाव नाही. कोपरं गुडघ्यांवर टेकवा किंवा एकपायी स्टँड लावा.